पोटाखालची फुली

रविवार, १२ जानेवारी २०२५. नांदेड

आज आरतीची गाडी फिरली. 'फिरली' हा शब्द तिचा. मी पाहिलं ते असं: वळणावर लाल रंगाचं काहीतरी स्वतःभोवती गरगरलं, धुळीत गेलं, आणि धूळ बसली तेव्हा प्लॉटच्या हद्दीच्या दगडाला पाठ टेकून उभं होतं. मी थर्मास घेऊन कडेला होतो. धावलो. पोचलो तोवर पोरगी बाहेर येऊन चाकाशी उकिडवी बसली होती. मान वर करून म्हणाली, "बाबा, तुमची एक चप्पल कुठं राहिली?"

तिला खरचटलंही नाही. गाडीच्या मागच्या पत्र्याला पोचा आला, बस. मला मात्र दुपारी घास गिळेना. वरणभात पुढं तसाच राहिला.

पुढं कधी हे वाचताना कळावं म्हणून लिहून ठेवतो. आरती सत्तावीस वर्षांची, लातूरला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये सर्व्हिस विभाग सांभाळते. तिथंच खोली करून राहते, शनिवारी नांदेडला येते. चार वर्षं पगारातलं साठवून तिनं हैदराबादच्या एका डॉक्टरांकडून ही जुनी जपानी स्पोर्ट्स कार आणली. दोन माणसांची, बुटकी, वर पत्र्याचं छप्पर नाही, कापडी टप आहे. आरतीची आई, आमच्या नीलाबाई, तिला 'बिनटोपीची' म्हणतात. शहराबाहेर एन.ए. प्लॉटिंगचं माळरान आहे. डांबरी रस्ते झाले, दिव्यांचे खांब झाले, घर एकही नाही. रविवारी सकाळी आरतीचा तिथं सराव चालतो.

१६ फेब्रुवारीला लातूरबाहेर एका बंद रस्त्यावर चाचणी आहे. पुण्याचा एक रेसिंगचा संघ तिथून वर्षभरासाठी एक चालक निवडणार. एकच. वयाची अट सत्तावीसपर्यंत. म्हणजे तिला ही संधी पहिली आणि शेवटची.

आज मी तिला एवढंच विचारलं, "गाडी फिरली कशानं?" ती म्हणाली, "हालून राहिली बाबा जरा."

हालते. गाडी हालते. ती उभी आहे तेव्हाही मला हलताना दिसू लागली आहे.


मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत

सणाची सुटी जोडून आरती आजपर्यंत थांबली. पाठशाळेत मी न्यायशास्त्र शिकलो ते पुढं वार्ताहरकीत कुठंच कामाला आलं नाही. नगरपालिकेच्या सभेत पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष एकाच वेळी ओरडतात. आज मात्र घरात रीतसर वाद झाला.

पूर्वपक्ष, म्हणजे आरती: गाडी हालते ती चाकांपाशी. टायर जुने होऊन लाकडासारखे झालेत, खालच्या सांध्यांतले रबरी बुश फाटलेत. ते बदलले की झालं. बॉडीला काही करायची गरज न्हाई.

उत्तरपक्ष, म्हणजे मी: छप्पर नाही म्हणजे वरचा बांधच नाही. वळणावर सांगाडा पिळवटतो आणि चाकं भलतीकडं बघतात. तेव्हा पोटाखालून आडव्या पाईपांची फ्रेम मारून सांगाडा ताठ करणं आवश्यक. दोन दिवस मी याच विषयावरचं देशोदेशीच्या लोकांचं भांडण वाचतोय. पाठशाळेतले पंडित यांच्यापुढं फार सौम्य.

प्रत्यक्ष प्रमाण म्हणून मिठाईचा खोका झाकण काढून पिळून दाखवला. नीलाबाईंचे तिळाचे लाडू खाली सांडले.

"झालं का शास्त्र?" नीलाबाई म्हणाल्या. "आता गोळा करा. आणि गाडीला जे काय करायचं ते मुहूर्त बघून करा. आणली तवा नारळसुद्धा फोडू दिला न्हाई पोरीनं."

"आई, खोका वेगळा, गाडी वेगळी," आरती म्हणाली. "बाबा, फ्रेमनं थोडा फरक पडतो, मी न्हाई म्हणत न्हाई. पण सगळं बाकीचं नीट केल्यावर. आधी न्हाई."

"आणि तोवर तू फिरत राहशील."

ती माझ्या ताटाकडं बघत राहिली. गुळाची पोळी मी मोडलीही नव्हती. मग म्हणाली, "बरं. लावा फ्रेम."

युक्तिवाद बिनतोड असला की प्रतिपक्ष असाच नमतो. कितीतरी वर्षांनी एखादा वाद जिंकलो.


मंगळवार, २१ जानेवारी

संपादकांचा फोन. पाण्याच्या टाकीच्या बातमीत मी लिहिलं होतं, 'टाकीच्या सांगाड्यास आडवा बांध नसल्याने ती वळणावर अस्थिर होते.' "टाकी कुठल्या वळणावर जाते हो?" असं त्यांनी विचारलं. हसले. मीही हसलो.

झोप नाही. डोळे मिटले की लाल रंग गरगरतो. तिला सांगून टाकावं का, पोरी, नको जाऊ? चार वर्षं तिनं चहासुद्धा मोजून प्यायला या गाडीपायी. कुठल्या तोंडानं सांगू?


शुक्रवार, ३१ जानेवारी

झालं एकदाचं.

खाजामियाँ माझा शाळासोबती. उसाच्या ट्रॉल्या बनवतो. त्याच्या ट्रॉल्या लोह्यापासून निलंग्यापर्यंत चिखलातून ऊस ओढतात. गाडी बघून म्हणाला, "शास्त्रीजी, ट्रॉली हो का खेळणं, फुली मारली की विषय खतम." चौकोनी पाईप कापून त्यानं मोठी फुली बनवली होती. तिची चारही टोकं गाडीच्या पोटाखाली वेल्ड करायची.

नीलाबाईंच्या आज्ञेवरून मुहूर्त मीच काढला. पाठशाळेत शिकलेल्यानं पंचांग दुसऱ्याकडं न्यायचं म्हणजे स्वयंपाकिणीनं डबा लावण्यासारखं. भर दुपारचा अभिजित मुहूर्त धरला. मुहूर्त निर्दोष होता, फक्त आज शुक्रवार आहे हे मी विसरलो. खाजामियाँची जुम्म्याची नमाज नेमकी तेव्हाच.

सकाळी वीज नव्हती, ती आली तेव्हा ऊन डोक्यावर. गाडी चार स्टँडवर चढवली. तीन टोकं बसली. चौथं, मागचं डावं, त्याच्या हाताला पोचेना. म्हणून त्यानं तेवढा कोपरा जॅक लावून आणखी दोन बोटं वर घेतला. तेव्हा एक गंमत झाली. उघडं राहिलेलं डावं दार मी लावायला गेलो तर लागेना.

"बघा!" खाजामियाँ खालून म्हणाला. "किती ढिली हाय बॉडी. कोपरा उचलला की दार अडतंय. हिला फुलीच पायजे."

मला तर प्रत्यक्ष प्रमाणच मिळालं. लाडू सांडायची गरज नव्हती.

"कोपरा खाली घेऊन मंग मारू का वेल्ड?" त्यानं विचारलं.

"किती वेळ लागेल?"

"पुन्हा सगळं जुळवायचं म्हंजे अर्धा तास. पण नमाजेआधीचं प्रवचन, खुतबा, सुरू व्हायच्या आत मला पोचायचं हाय."

"आणि मला अभिजित संपायच्या आत नारळ फोडायचाय."

"मंग बोलत काय बसलाव, धरा तिकडून."

धरलं. ठिणग्या उडाल्या. वेल्ड झालं. तो तोंडहात धुऊन टोपी सरळ करत स्कूटरवर बसला, मी पुढच्या चाकाशी नारळ फोडला. दोघंही वेळेत. नमाजेहून आल्यावर त्यानं आरामात जॅक काढला. दार अजूनही घट्टच लागत होतं. आधी सहज लागायचं ते ढिलेपणामुळं, असा आम्ही दोघांनी निष्कर्ष काढला. त्याला खोबरं दिलं, त्यानं अत्तराचं बोट माझ्या मनगटावर ओढलं.

संध्याकाळी दोन भाकरी खाल्ल्या. नीलाबाई बघतच राहिल्या.


रविवार, ९ फेब्रुवारी

काल आरतीनं नवे टायर आणि बुश बसवले. आज सराव. उजव्या वळणांवर गाडी अशी गेली की जणू कुणी बोट धरून नेली. फिरण्याचं नाव नाही. फुलीचा प्रताप! मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, "हाव, उजवीकडं मस्त जाते." डावीकडच्या वळणांना ती अजून जपून घेते. बहुधा त्या दिवसाची आठवण. तिकडंच फिरली होती ना.

सरावानंतर तिनं घराच्या अंगणात गाडीच्या कोपऱ्यांपासून सुतळी ताणून काहीतरी मोजलं. मग विचारलं, "बाबा, वेल्डिंग करताना गाडी कशावर होती?"

मी सगळी हकीकत रंगवून सांगितली. जॅक, दार, खुतबा, अभिजित, नारळ. नीलाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. आरतीही हसली, पण जरा उशिरा. सुतळी बोटांवर गुंडाळत बसली.

"काय गं?"

"काही न्हाई. डावीकडं जरा जड जाते, एवढंच. सांभाळून घेईन."

नंतर मायलेकी स्वयंपाकघरात बराच वेळ दबक्या आवाजात बोलत होत्या. नीलाबाईंचं एवढंच कानावर आलं, "आत्ता कुठं जेवायला लागलेत." पाहुणे यायचे असतील कुणीतरी. मी आत गेलो तर दोघी गप्प. मला तिसरी भाकरी वाढली.


शनिवार, १५ फेब्रुवारी. लातूर

आरतीच्या खोलीवर आहे. ती गाडी पुसते आहे. खाजामियाँ टेम्पो घेऊन आला आहे, जनरेटर, ग्राइंडर, सगळा बाजार भरून. "लागलं तर," म्हणतो. मुक्कामाला त्याच्या बहिणीकडं, फरीदाकडं गेला.

दुपारी रस्ता पाहून आलो. सात वळणं, त्यातली चार डावी. शेवटच्या डाव्या वळणाबाहेर खडीचा ढीग आहे. संघाचे व्यवस्थापक संगमेश म्हणून निलंग्याकडचे गृहस्थ आहेत. त्यांना विचारलं, ढीग हलवता येईल का? ते म्हणाले, "सर, गाडी तिकडं जायलाच नको."

दोन फेऱ्या. दोन्हींच्या वेळा मिळून ज्याची बेरीज कमी, त्याला जागा.

देवापुढं काय मागावं ते कळेना. ती निवडली जावी हे मागितलं तर वर्षभर हीच भीती. न निवडली जावी हे मागितलं तर मी बाप कसला? हात जोडून नुसताच उभा राहिलो.


रविवार, १६ फेब्रुवारी. लातूर

क्रमानं लिहितो. नाहीतर लिहिणार नाही.

पहिली फेरी. उजवी तिन्ही वळणं सुरेख. डावीकडं मात्र गाडीचं तोंड वळेचना, सरळच निघाली. तिनं ब्रेक दाबून ओढून आणली. पुढच्या डाव्या वळणाला तेच. शेवटच्या वळणाला चाक खडीत गेलं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती रेषा ओलांडत होती. अकरा जणांत नववी.

ती परत आली आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तशीच बसून राहिली. खाजामियाँ आणि मी धावलो.

"आरती, मला वाटतं अजून एक आडवा पाईप..." मी सुरू केलं.

"बाबा, कापा ते."

"काय?"

"खालची फुली. कापून टाका. आत्ता."

"अगं, कापली तर पुन्हा हालेल. आणि ते खडीचं वळण..."

"हालू द्या, मला माहितीय ती कशी हालते ते. ही कशी जाते ते मला कळून न्हाई राहिलं." तिचा आवाज चढला. आजवर माझ्यापुढं कधी चढला नव्हता. "कापा, न्हाई तर मी नाव काढून घेते."

खाजामियाँ माझ्याकडं बघत होता. "शास्त्रीजी, तुमी सांगा."

एक फुली. गेले पंधरा दिवस मी तिच्यावर डोकं टेकून झोपत होतो. ती कापायची आणि पोरीला त्या ढिगाकडं सोडायची. संगमेश घड्याळ बघत होते.

"काप," मी म्हटलं.

गाडी स्टँडवर चढवून खाजामियाँ ग्राइंडर घेऊन खाली सरकला. मीही जमिनीवर आडवा झालो, बॅटरी धरून. पहिलंच टोक, मागचं डावं, अर्धंही कापलं नव्हतं तोच खण्णकन वाजलं आणि पाईप आपोआप तुटून बाजूला उडी मारून थांबला. खाजामियाँनं ग्राइंडर बंद केला. कापलेली दोन टोकं एकमेकांसमोर नव्हती. मधे त्याचं अंगठ्याएवढं बोट आरपार गेलं.

बोट तसंच ठेवून तो म्हणाला, "या अल्ला. जॅकवर..."

मग मलाही कळलं. कोपरा उचलून आम्ही गाडी पिळली होती, आणि पिळलेलीच बांधून टाकली होती. जॅक काढल्यावरही दार घट्ट लागलं ते त्यामुळंच. दार तेव्हा ओरडून सांगत होतं.

उरलेली तीन टोकं मुकाट्यानं कापली गेली. बाहेर आलो. आरतीनं डावं दार दोन बोटांनी ढकललं. ते अलगद लागलं.

"तुला ठाऊक होतं?"

"हाव."

"कधीपास्नं?"

"सुतळी लावली तवापास्नं."

"मग बोलली का न्हाईस?"

ती हेल्मेटचा पट्टा आवळत होती. "वाटलं, सांभाळून घेईन. जमलं न्हाई." मग थोडं थांबून, "तुम्ही जेवायला लागला होता बाबा."

तपासणीवाला पोटाखाली वाकून पाहून गेला, आणि तिचा नंबर पुकारला गेला.

दुसरी फेरी मी उघड्या डोळ्यांनी पाहिली. तेवढं तरी. डाव्या वळणाला गाडी अंगभर थरथरली, जुनी मोकळी खाट थरथरते तशी, आणि वळली. पुढचं वळण, पुन्हा थरथरली, वळली. खडीच्या ढिगाजवळून गेली तेव्हा तिनं ब्रेकला पायही लावला नसावा. रेषा ओलांडली. दिवसातली सगळ्यात कमी वेळ. लोक टाळ्या वाजवत होते. खाजामियाँ रडत होता आणि टाळ्या वाजवत होता.

बेरजेत ती तिसरी आली.

संगमेश जवळ आले. भले गृहस्थ. म्हणाले, "दुसरी फेरी बघून आमचे सगळे उभे राहिले सर. पण नियम नियम आहे. पहिल्या फेरीत काय झालं हो नेमकं?"

"मी," मी म्हटलं.

त्यांना कळलं नाही. समजावलंही नाही.


सोमवार, १७ फेब्रुवारी. नांदेड

आरतीनं आजची रजा काढली होती. सकाळी ती आणि मी गाडीनं निघालो. खाजामियाँ फरीदाकडंच राहिला. काल रात्री तो माझ्याशी बोलला नाही, मी त्याच्याशी बोललो नाही. रागानं नव्हे. कुणी आधी माफी मागायची ते ठरेना.

मी बोलायला सुरुवात केली की वारा सगळं उडवून नेई. टप उघडा होता. चाकूरजवळ चहाला थांबलो तेव्हा कुठं माझं पहिलं वाक्य तिच्यापर्यंत पोचलं.

"माझ्यामुळं गेली तुझी जागा."

"हाव," ती म्हणाली. तिनं 'न्हाई हो बाबा' म्हणावं अशी मी आशा केली होती, हे तिनं हाव म्हटल्यावर कळलं.

बशीत चहा ओतून तो तिनं तसाच ठेवला. "संगमेश सर सांगत होते, जूनमध्ये कोइमतूरला एक चाचणी हाय. त्यांच्या संघाची न्हाई, दुसऱ्या कुणाची. वयाची अट न्हाई."

"जून. म्हणजे वेळ आहे. आपण आधी..."

"बाबा." ती बशीकडं बघत होती. "मी एकटी जाणार."

"कोइमतूर केवढं लांब..."

"एकटी जाणार. आणि तोवर गाडी माझ्याकडं ठेवणार, लातूरला. तुम्ही सरावालासुद्धा येऊ नका."

चहावाला कढईत भजी सोडत होता. मी तिकडं बघत राहिलो. माझ्याकडं मुद्दे होते. नेहमीच असतात. तिच्याकडंही असणार, पण तिनं एकही मांडला नाही. वाट बघत राहिली.

"आईला आणलं तर?" मी विचारलं.

"आई चालंल. ती डोळे मिटून बसते."

"मीपण मिटतो."

"तुम्ही मिटता, पण उघडल्यावर पाईप आणता."

हसायला आलं मला, आणि त्याच वेळी रडायलाही. दोन्ही एकदम करायला गेलो आणि ठसका लागला. तिनं पाठीवर हात फिरवला. ठसका थांबल्यावरही थोडा वेळ फिरवत होती.

समोर नांदेडची एस.टी. येऊन उभी राहिली. मी म्हटलं, "मी हिनं जातो. तू ये सावकाश, एकटी." तिनं नको म्हटलं नाही. पिशवी काढून हातात दिली.

खिडकीजवळची जागा मिळाली. अहमदपूर मागं पडलं. लोह्याच्या अलीकडं मागून हॉर्न वाजला आणि लाल गाडी बसला ओलांडून पुढं गेली. टप उघडाच. आरतीचे केस उडत होते. पुढं डावं वळण होतं, आणि खड्डे. गाडी त्यात शिरली आणि पुढची काच, दारं, मागचं पोचा आलेलं पत्र्याचं अंग, सगळं एकदम थरथरलं. माझ्या हातानं समोरचा दांडा धरला.

शेजारी लोह्याला उतरणारे एक आजोबा होते. डोक्याचा रुमाल सावरत खिडकीतून वाकून बघत म्हणाले, "अरारा, केवढी हालून राहिली ती गाडी! पोरगी चालवून राहिली वाटतं."

"हालू द्या," मी म्हटलं.